तुमच्या घरी साबण कुठे असतो?

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की माझ्या दवाखान्यातली गर्दी बदलते. उन्हाळ्यात ताप, अंगदुखी, ऊन लागणं असे पेशंट जास्त असतात. पाऊस सुरू झाला की लेकरं यायला लागतात. कडेवर निपचित पडलेलं, डोळे खोल गेलेलं बाळ. "डॉक्टरसाहेब, कालपासून धा वेळा झाली जी. पानी पोटात ठरत नाही." सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. उत्तरेला अंबाबरवाचं जंगल आणि डोंगरातल्या आदिवासी वस्त्या, दक्षिणेला पूर्णेकडे उतरत जाणारी काळी शेतं. दोन्हीकडून पेशंट येतात आणि पावसाळ्यात दोन्हीकडची तक्रार एकच असते: हगवण.

औषध लिहून झालं की मी आईला एक प्रश्न विचारतो. "हात धुता का?" हा तो प्रश्न नाही. त्याला सगळेच "हो" म्हणतात आणि कुणी खोटंही बोलत नसतं. माझा प्रश्न असतो, "तुमच्या घरी साबण कुठे असतो?"

या एका प्रश्नाच्या उत्तरातून घराची अख्खी रचना समजते. मुलांना हात धुण्याची सवय लावायची असेल, तर सुरुवात उपदेशापासून करण्यापेक्षा याच प्रश्नापासून करावी असं मला वाटतं. तसं का वाटतं, ते आज सविस्तर सांगतो.

एका घराची गोष्ट

काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावातून चौदा महिन्यांचं बाळ आलं होतं. दोन महिन्यांत हगवणीची ही तिसरी खेप. कार्डावर मागच्या तीन महिन्यांचं वजन जवळजवळ एकाच रेषेवर थांबलेलं. आई तरुण, दहावी शिकलेली. सोबत आजेसासू. बाळाला भरवायचं काम आजीकडे, कारण आई सकाळी आठलाच निंदायला शेतात जायची.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. आई म्हणाली, "साबन मोरीत असते जी. वर, कोनाड्यात. खाली ठेवली का हे लेकरू खाऊन घेते."

मग हळूहळू सगळं कळलं. संडास घराच्या मागे, परसात. पाण्याचा ड्रम पुढच्या अंगणात. मोरी घराच्या आत आणि साबण तिच्या वरच्या कोनाड्यात. म्हणजे बाळाची शी काढून आलेल्या बाईला साबण हवा असेल तर ओल्या, घाण हातांनी अख्खं घर ओलांडून आत जायचं, हात वर करून कोनाड्यातून साबण काढायचा आणि पुन्हा पाण्याशी यायचं. दिवसातून सहा-सात वेळा हे कोण करेल? ती बाई आळशी नव्हती. साबण चुकीच्या जागी होता, एवढंच.

मी हे आईला सांगत असताना आजीला ते काही पटलं नाही. "आमच्या वक्ती कोन साबन लावे हाताले? राख नाहीतं माती घेये. आमी झालोच ना मोठे!"

मी काही बोललो नाही. माझ्या वयाच्या दुप्पट वयाच्या बाईशी वाद घालून काही निघत नाही. पण थोड्या वेळाने, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत, ती आपणहून म्हणाली, "सात झाले मले. चार राह्यले."

बाकीचे तीन कशाने गेले ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पण ओआरएसचं पाकीट हातात देताना मी तिलाच म्हणालो, "आजी, भरवायचं काम तुमच्याकडे आहे, तर साबणाचं कामही तुम्हीच घ्या." तिने मान हलवली.

पुढच्या खेपेला समजलं की साबण कांद्याच्या जाळीत घालून ड्रमाशेजारच्या खुंटीला टांगला आहे, लेकराचा हात पोचणार नाही आणि मोठ्यांना शोधावा लागणार नाही अशा उंचीवर. जाळीची युक्ती आजीचीच. उघडा ठेवला की कावळा नाहीतर उंदीर पळवतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या पावसाळ्यात बाळ पुन्हा हगवणीसाठी आलं नाही आणि वजनाची रेषा वर सरकली. एका लेकरावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. जे सिद्ध झालं आहे, ते आता पाहू.

हातावर नेमकं असतं काय?

हगवणीचे जंतू माणसाच्या विष्ठेतून येतात. एक ग्रॅम विष्ठेत कोट्यवधी जंतू असतात. ते बोटांवर, नखांखाली, हाताच्या रेषांत राहतात आणि तिथून भाकरीवर, कालवलेल्या वरण-भातावर, पाण्याच्या तांब्यात जातात. हाताला वास येत नाही, डाग दिसत नाही, म्हणून हात स्वच्छ वाटतो.

इथे एक मोठा गैरसमज आहे. "लहान बाळाच्या शीला काय होते?" असं अनेक जण म्हणतात. बाळाची शी मोठ्यांच्या विष्ठेइतकीच, कधी कधी त्याहून जास्त, धोक्याची असते. लंगोट बदलल्यावर किंवा बाळाला धुतल्यावर साबणाने हात धुणं म्हणूनच अगदी गरजेचं.

दुसरी गोष्ट जंतांची. मोठा गोल जंत, म्हणजे एकच मादी, दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती विष्ठेतून मातीत मिसळतात आणि मातीत महिनोन्महिने, कधी काही वर्षंही जिवंत राहतात. अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या नखांखालून ती तोंडात जातात. बारीक, पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत असतात त्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यामुळे रात्री शौचाच्या जागी खाज येते, मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत जातात आणि सकाळी तेच बोट तोंडात. शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास जंतनाशक गोळी मिळते ती जरूर घ्यावी. पण नखं आणि हात तसेच राहिले तर जंत पुन्हा होतात.

तिसरी गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. हात धुण्याने फक्त पोटाचे आजार टळतात असं नाही. सर्दी-खोकल्याचे विषाणूही हातावरूनच नाका-डोळ्यांत जातात. पाकिस्तानातल्या कराची शहरात, गरीब वस्त्यांत एक मोठा अभ्यास झाला आणि २००५ साली तो 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या घरांना साबण देऊन आठवड्याच्या आठवड्याला हात धुण्याचा पाठपुरावा केला, तिथे पंधरा वर्षांखालील मुलांत हगवण ५३ टक्क्यांनी आणि पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी आढळला. अंगावर उठणारे पूचे फोडही ३४ टक्क्यांनी कमी झाले. साबण साधाच होता. जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग साबणाचा त्याहून जास्त फायदा दिसला नाही. त्यामुळे दुकानात "कोणता साबण घेऊ?" असा प्रश्न पडला, तर उत्तर सोपं आहे: जो परवडेल आणि संपल्यावर लगेच दुसरा आणता येईल तो.

माहिती सगळ्यांना आहे

आता खरा प्रश्न. हात धुवावेत हे कुणाला माहीत नाही? पाच वर्षांचं पोरही सांगेल. मग होतं काय?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीत, २०१८ साली, देशभरातल्या घरांना हे विचारलं होतं. शौचानंतर साबणाने हात धुतो असं ७४ टक्के घरांनी सांगितलं. जेवणाआधी साबण वापरतो म्हणणारी घरं ३६ टक्क्यांच्या आसपास होती आणि खेड्यांत ती २५ टक्के, म्हणजे चारात एक. हे लोकांनी स्वतः सांगितलेलं. प्रत्यक्षात आकडा याहून कमीच असणार.

जेवणाआधी आपल्याकडे हात "धुतले" जातात ते असे: ताटाशी बसायचं, तांब्यातून उजव्या हातावर थोडं पाणी घ्यायचं, झटकायचं. ही रीत घराघरात आहे आणि ती चांगलीच आहे, फक्त तिच्यात साबण नाही. "साबनाचा वास येते जी भाकरीले," असं मला अनेकांनी सांगितलं आहे. हे कारण खोटं नाही. आपण हाताने जेवतो, वास नाकाशी येतो. त्यावर उपाय म्हणजे जेवणाआधीसाठी कमी वासाचा साबण ठेवायचा आणि भरपूर पाण्याने हात निथळायचे.

माहिती आणि कृती यांच्यात अंतर का पडतं, यावर आपल्याच देशात एक सुंदर अभ्यास झाला. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावं निवडली. त्यांतल्या निम्म्या गावांत 'सुपरअम्मा' नावाची मोहीम राबवली. तिच्यात जंतू, रोग, भीती यांवर भर नव्हता. एक आई आपल्या मुलाला चांगल्या सवयी लावते, गाव तिला मान देतं, अशी गोष्ट होती. शिवाय घाणीची किळस वाटेल असे प्रसंग होते. सहा महिन्यांनी निरीक्षकांनी घरात बसून पाहिलं तेव्हा मोहिमेच्या गावांत हात धुण्याच्या ठरलेल्या वेळांपैकी ३७ टक्के वेळा साबण वापरला जात होता, बाकीच्या गावांत ६ टक्के. ३७ म्हणजे काही १०० नव्हेत. तरी सहा टक्क्यांपुढे हा फरक फार मोठा आहे.

दुसरा अभ्यास मला त्याहून आवडतो. बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांत संशोधकांनी मुलांना काहीच शिकवलं नाही. संडासापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत वाट केली, ती भडक रंगाने रंगवली, वाटेवर पावलांचे ठसे काढले आणि हात धुण्याच्या जागी पंजांचे ठसे. आधी संडासातून आलेल्या मुलांपैकी ४ टक्के मुलं साबणाने हात धूत होती. रंगकाम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ६८ टक्के आणि सहा आठवड्यांनंतर ७४ टक्के. ना भाषण, ना शिक्षा. मुलं पावलांवर पावलं टाकत गेली आणि समोर साबण होता.

आम्हा डॉक्टरांचंही वेगळं नाही. व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी दाखवून दिलं की डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्यात हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी होतात. तरीही त्या काळातल्या अनेक डॉक्टरांनी ते मानलं नाही. आज सगळे मानतात, तरी घाईत राहून जातं. म्हणूनच मोठ्या दवाखान्यांत हात स्वच्छ करायची बाटली रुग्णाच्या खाटेपाशीच ठेवतात. वीस पावलं चालावी लागली तर शिकलेला डॉक्टरही टाळाटाळ करतो. मग पाच वर्षांच्या लेकराकडून आपण जास्त अपेक्षा का करायची?

आमच्याकडची अडचण: फेस न होणारं पाणी

तालुक्याच्या डोंगराकडच्या भागात पाण्याची टंचाई असते आणि पूर्णेच्या बाजूला गेलं की पाणी खारं. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपल्याला माहीतच आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. अशा पाण्यात साबण कितीही घासला तरी फेस येत नाही, हातावर चिकट पांढरी साय राहिल्यासारखं वाटतं. मुलं म्हणतात, "साबन लागतच नाही." वान धरणाचं पाणी नळाला येतं तिथे हा त्रास कमी आहे.

असं का होतं? साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेल-तुपाला. हातावरची घाण आणि जंतू त्वचेवरच्या तेलकट थरात अडकलेले असतात. साबण त्यांना सुटं करतो, पाणी वाहून नेतं. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबण आधी त्यांच्याशीच बांधला जातो आणि कामासाठी कमी उरतो. म्हणून अशा ठिकाणी तीन गोष्टी कराव्यात.

एक, साबण थोडा जास्त वेळ हातावर फिरवावा. फेस कमी आला तरी चोळण्याने काम होतं, त्यामुळे फेस येत नाही म्हणून सोडून देऊ नये.

दोन, पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी साठवता आलं तर हात धुण्यासाठी ते वेगळं ठेवावं. त्यात फेस छान होतो.

तीन, साबणपाण्याची बाटली करावी. दीड लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर मिसळायची आणि झाकणाला छिद्र पाडायचं. बांगलादेशात घरोघरी ही पद्धत वापरून पाहिली आहे. पावडर खाऱ्या पाण्यातही काम करते आणि वडीपेक्षा स्वस्त पडते. बाटलीवर ठळक खूण करावी, लहान मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नये. कुणाच्या हाताला खाज किंवा भेगा आल्या तर बंद करून वडी वापरावी.

पाणी कमी असेल तर तेही मोजून वापरता येतं. हात ओले करायचे, पाणी थांबवायचं, साबण लावून चोळायचं आणि मग पाणी घ्यायचं. अशाने एका तांब्यात दोन लेकरांचे हात निघतात. तेलाचा रिकामा कॅन दोरीने आडवा टांगून, खाली काडीचं पायडल करून पायाने पाणी पाडायचा नळही सहज बनतो. मुलांना तो खेळ वाटतो. मात्र एक कळकळीची विनंती: त्यासाठी फवारणीच्या औषधाचा डबा कधीही वापरू नका, कितीही वेळा धुतलेला असला तरी.

शेतातून आलेले हात

हा मुद्दा शहरातल्या लेखांत सहसा नसतो. कपाशीवर फवारणी करून आलेला बाप घरात शिरतो आणि लेकरू धावत येऊन त्याच्या अंगाला बिलगतं. कीटकनाशकं त्वचेतून शरीरात जातात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. मोठ्या माणसाला जे प्रमाण सहन होतं ते दहा किलोच्या लेकराला होत नाही. म्हणून साबणाची एक वडी बाहेर, अंगणातच हवी. फवारणीवरून आल्यावर आधी हात-तोंड साबणाने धुवायचं, अंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि मगच लेकरू उचलायचं.

कोणत्या वयात काय?

*एक ते दोन वर्षं:* या वयात मूल शिकत नाही, अनुभवतं. भरवण्याआधी तुमचे हात धुताना त्याचेही धुवा. दर वेळी, तेच ठिकाण, तोच क्रम. ते रडेल, साबण चाटेल. हरकत नाही, पण साबण हातात देऊन सोडू नका.

*तीन ते पाच वर्षं:* आता त्याला स्वतः करायचं असतं. त्याचा हात पाण्यापर्यंत पोचतो का ते पाहा. आमच्या घरी बेसिन मोठ्यांच्या उंचीचं आहे. मुलगी तीन वर्षांची असताना तिथे एक लाकडी पाट ठेवला. पाटावर चढणं हीच तिची मजा होती, हात धुणं त्याच्यासोबत आपोआप झालं. वडी मोठी असेल तर अर्धी कापून द्या, लहान मुठीत बसते.

*सहा ते दहा वर्षं:* या वयात नीट पद्धत सांगता येते. तळहात, पंजाची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं आणि शेवटी मनगट. अंगठा आणि नखं हमखास राहतात. किमान २० सेकंद चोळायचं. घड्याळ नको, बे आणि तीनचा पाढा म्हणायला लावा. दोन्ही पाढे होईपर्यंत हात निघतात आणि पाढेही पाठ होतात.

हात धुतल्यावर पदराला, पँटला पुसायची सवय मोडा. कळकट फडक्याला पुसले तर धुतलेलं वाया जातं. झटकून वाऱ्यावर वाळू द्या किंवा रोज धुतलेला पंचा ठेवा. नखं आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी कापा.

सगळ्या वेळा एकदम सुरू करू नका. आधी दोनच पक्क्या करा: शौचानंतर आणि जेवणाआधी. महिनाभर त्यात खंड पडला नाही की बाकीच्या जोडा: बाहेरून खेळून आल्यावर, गुरांना हात लावल्यावर, शिंक-खोकल्यानंतर. विसरलं तर मारू नका, घाणेरडा म्हणू नका. "चल, माझेही राहिले," म्हणून सोबत घेऊन जा. मूल बोलणं ऐकतं कमी आणि बघतं जास्त. आपल्या वऱ्हाडात जन्मलेल्या गाडगेबाबांची रीत हीच होती. गावात आले की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री.

शाळा आणि अंगणवाडी

शालेय पोषण आहाराची खिचडी ही दिवसातली सगळ्यात मोठी संधी आहे. ठरलेली वेळ, सगळी मुलं एकत्र, सगळ्यांना भूक. रांग ताटाकडे जाताना आधी साबणापाशी वळली, तर वर्षाचे दोनशेहून जास्त दिवस ही सवय घडते. कोरोनाच्या काळात गावोगावी हात धुण्याचे ड्रम बसले. मी पाहिलेल्या एका शाळेत ड्रम अजून आहे, तोटी आहे, साबण मात्र नाही, कारण संपल्यावर तो कुणी आणायचा हे ठरलेलं नाही. शिक्षकांना, अंगणवाडी ताईंना आणि पालकांना माझं सांगणं एवढंच: साबणाचा माणूस ठरवा. वर्गातल्या मुलांच्या आठवड्याच्या पाळ्या लावा. वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याऐवजी साबणाच्या दोन वड्या शाळेला द्या. आणि एखाद्या शनिवारी उरलेल्या रंगाने मुलांकडूनच पावलांचे ठसे काढून घ्या.

राख, माती आणि सॅनिटायझर

साबण नसेलच तर चुलीतली स्वच्छ, गार राख चालेल. माती मात्र नको, कारण जंतांची अंडी तिथेच असतात. सॅनिटायझर प्रवासात ठीक, पण मातीने, शेणाने माखलेल्या हातांवर तो काम करत नाही, आणि त्यात अल्कोहोल असतं. घरात असेल तर मुलांपासून दूर ठेवा.

तरीही हगवण लागलीच तर

हात धुतल्याने सगळी हगवण थांबत नाही. पिण्याचं पाणी, संडासाचा वापर, झाकलेलं अन्न, वेळेवर लसीकरण हेही तितकंच लागतं. आजार झालाच तर प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस पाजा, अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. झिंकची गोळी १४ दिवस पूर्ण द्या: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका. मूल सुस्त पडलं, पाणी पीत नसेल, डोळे खोल गेले, शीमध्ये रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा प्रत्येक घोट उलटून पडत असेल, तर घरी थांबू नका. रात्र असली तरी निघा. आशाताईंना फोन करा किंवा १०८ ला.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. तुमच्या घरच्या संडासाच्या दारात उभे राहा आणि तिथून साबणापर्यंत, साबणापासून पाण्यापर्यंत पावलं मोजा. मग लेकराच्या उंचीला खाली बसून त्याचा हात कुठपर्यंत पोचतो ते पाहा. दहा पावलांपेक्षा जास्त निघाली, तर साबणाची जागा बदला. पाच-दहा रुपयांची आणखी एक वडी आणून जेवायच्या जागेजवळ ठेवा. घरात चालतं-रांगतं बाळ असेल तर ती जाळीत घालून उंच टांगा.